जागा स्वस्तात द्यायला शिकतोय: ओकायामा आणि एमएक्स-५

आयरेसिंग या कॉम्प्युटरवरच्या रेसिंग सिम्युलेटरच्या रूकी (नवख्यांच्या) मालिकेत सध्या माझदा एमएक्स-५ चालवतोय आणि या हंगामातला बराचसा वेळ जपानमधल्या ओकायामा ट्रॅकवरच गेला. एकटा असलो की लॅप छान बसतो. आरशात कोणी मोठं दिसायला लागलं की गाडी तीच, टायर तेच, पण लॅप जवळपास सेकंदभराने ढिला पडतो. म्हणजे वेग आहे, तो चारचौघांत टिकत नाही.

यावर सगळीकडे मिळणारा सल्ला म्हणजे ‘आक्रमक हो’. मला तो पटत नाही. आमच्या रूकी शर्यतींमध्ये आक्रमक लोकांचा तुटवडा कधीच नव्हता, पहिल्या वळणावर त्यांचा ढीग पडलेला असतो. म्हणून यावेळी सराव उलटा ठेवला. मागचा आला तर त्याला जागा कुठे द्यायची, कशी द्यायची आणि परत कुठे घ्यायची, एवढंच.

आधी धास्तीने गाडीचं काय होतं ते सांगतो. मागच्याची सावली दिसली की वळणाच्या मधोमध उजवा पाय आपोआप गॅसवरून उठतो. पाय उठला की वजन पुढच्या चाकांवर जातं, मागची चाकं हलकी होतात आणि मागून ढकलणारी ही छोटी गाडी शेपूट फिरवते. रिप्लेमध्ये ते ‘त्याने दबाव टाकला आणि हा स्पिन झाला’ असं दिसतं. पण त्याने काहीच केलेलं नसतं, नुसता मागे असतो. तेव्हा पहिला नियम असा केला की वळणात शिरल्यावर आरशात बघायचं नाही. आरसा सरळ रस्त्यावर, ब्रेकच्या आधी, एकदाच. वळणातली खबर स्पॉटरच्या, म्हणजे शेजारी गाडी आहे का ते कानात सांगणाऱ्याच्या, आवाजावर सोपवली. ‘कार राइट’, ‘स्टिल देअर’, ‘क्लिअर’ एवढं कानावर पडलं तरी डोळे एपेक्सवर (वळणाच्या सगळ्यात आतल्या बिंदूवर) आणि तिथून एक्झिटकडे मोकळे राहतात. स्पॉटर बंद ठेवून चालवणाऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार, मला ते जमणार नाही.

आता ट्रॅक. ओकायामा ३.७०३ किलोमीटरचा आहे. १९९४ आणि १९९५ साली इथे एफ-वनची पॅसिफिक ग्रां प्री झाली, दोन्ही शूमाकरने जिंकली. १९९४ला पोलवर (सगळ्यात पुढच्या जागेवर) होता सेना, पण पहिल्याच वळणावर हॅकिनेनची गाडी त्याला मागून लागली, वरून लारिनी येऊन आदळला आणि सेनाची शर्यत तिथेच संपली. तेव्हा पहिल्या वळणावर आपली गाडी गेली तर फार मनाला लावून घेऊ नका. मोठमोठ्यांची तिथेच गेली आहे.

आपल्याला हवा तो भाग म्हणजे अ‍ॅटवूड नावाचं वळण, त्यानंतरची मागची सरळ (लांब सरळ रस्ता) आणि तिच्या टोकाचा उजवा हेअरपिन, म्हणजे यू-टर्नसारखं वळण. ओव्हरटेक दिसतो हेअरपिनला, पण तो ठरतो अ‍ॅटवूडमधून बाहेर पडताना. तिथे जो आधी गॅसवर आला त्याला अख्खी सरळ फायदा मिळत राहतो, आणि एमएक्स-५ मध्ये टो (पुढच्या गाडीमागे हवेचा अडथळा कमी होऊन मिळणारा वेग) इतका लागतो की मागचा नुसता चिकटून राहिला तरी ब्रेकिंगपर्यंत शेजारी पोचतो. म्हणजे तिथे पुढे असणं हीच कधीकधी वाईट जागा.

पूर्वी मी आतली बाजू झाकून बसायचो. त्याने कोन बिघडतो, हेअरपिनमध्ये गाडी जवळजवळ थांबते आणि मागचे तिघं येऊन मिळतात. आता मागचा खरंच वेगवान असेल तर आतली बाजू त्याला देतो. मी बाहेरून, ब्रेक किंचित लवकर, एपेक्स उशिरा. आत घुसलेला माणूस उशिरा ब्रेक मारून आलेला असतो, त्यामुळे एक्झिटला तो बाहेर वाहत जातोच. तेवढ्यात माझी गाडी सरळ झालेली असते आणि त्याच्या आतून, गॅसवर. रिव्हॉल्व्हर या पुढच्या वळणाच्या आधी पुन्हा पुढे. दर वेळी जमत नाही. त्याने एपेक्सला घाई केली नाही तर जागा गेली ती गेली, पण दोनदशांश सेकंदात गेली. दोन सेकंद आणि पुढचा बंपर घालवून नाही.

हे डोक्यात बसलं ते एफ-वनची बहरीन २०२२ची शर्यत पुन्हा पाहताना. लेक्लेर पुढे, व्हर्स्टापेन मागून डीआरएस (पुढच्याच्या एका सेकंदाच्या आत असलं की मागचा पंख उघडून वेग वाढवू देणारी तेव्हाची सोय) घेऊन पहिल्या वळणाला आत. लेक्लेरने तिथे मुद्दाम लवकर ब्रेक मारला, म्हणजे हे अंतर मोजणाऱ्या पुढच्या डिटेक्शन रेषेवर तो स्वतः मागे असेल आणि डीआरएस त्याला मिळेल. चौथ्या वळणापर्यंत जागा परत. लगेच पुढच्या लॅपला तेच. शर्यतीनंतर त्याने स्वतः हे सांगितलं. जागा गेली म्हणून त्याचा श्वास चढलेला नाही, कारण ती कुठे परत येणार हे आधीच ठरलंय. मला वाटतं आत्मविश्वास म्हणतात तो बराचसा हाच. छातीचा प्रश्न कमी, पुढचं वळण आधी ठरलेलं असण्याचा जास्त.

ब्राझील २०२३ मध्ये आलोन्सोचंही तसंच. शेवटून दुसऱ्या लॅपला पेरेझ पुढे गेला, कोणीही म्हणालं असतं की पोडियम गेलं. शेवटच्या लॅपला चौथ्या वळणावर आलोन्सो परत पुढे आणि फिनिशला ०.०५३ सेकंदाने तिसरा. गाडी त्याची हळू होती हे विसरू नका.

या काळात सगळ्यात उपयोगी पडलं ते रिप्ले दुसऱ्याच्या कॉकपिटमधून बघणं. मी शेजारी आहे असं मला वाटत होतं तिथे त्याच्या नजरेला माझं नाकसुद्धा येत नव्हतं, मग तो दार बंद करणारच. तेव्हापासून आत जायचं तर ब्रेक लावण्याआधी किमान अर्धी गाडी शेजारी हवी, नाहीतर माघार. आणि मागे असताना त्याच्या बंपरकडे बघायचं नाही. बंपर बघितला की त्याच्या ब्रेकवर आपला ब्रेक लागतो, त्याच्या चुकेसकट. नजर त्याच्यापलीकडे, वळणाआधीच्या अंतराच्या बोर्डावर. टोमध्ये असलो तर थोडा लवकर ब्रेक, कारण वेग जास्त असतो आणि गाडी थोपवायला समोरची हवाही कमी.

सेफ्टी रेटिंग (आयरेसिंगमधला सुरक्षित चालवण्याचा गुण) हळूहळू चढतंय. ते किती वळणांमागे एक इन्सिडंट यावर चालतं, त्यामुळे स्वस्तात दिलेली प्रत्येक जागा तिथे कुठेतरी जमा होते. जोरात धडक म्हणजे ४x (चार इन्सिडंट), ट्रॅकबाहेर गेलं तर १x. हिशोब सरळ आहे.

उलटा त्रास मात्र अजून आहे. आसपास कोणी नसलं की मन भरकटतं. मोनॅको १९८८ आठवा. सेना क्वालिफाइंगमध्ये प्रोस्टपेक्षा १.४२७ सेकंदांनी पुढे, शर्यतीत मोठी आघाडी, वेग कमी कर म्हणून पिटमधून निरोप, आणि थोड्याच वेळात पोर्तिये वळणावर भिंतीत. मी आता मोकळ्या लॅपला ब्रेकिंगचे बोर्ड मोठ्याने म्हणतो. घरचे हसतात, हसू देत.

पुढचा ट्रॅक लाइम रॉक. एका मिनिटाच्या आसपासचा लॅप, जोरात ब्रेक लागतो तो मुख्यतः बिग बेंड या पहिल्या वळणाला, आणि शेवटच्या उतारावरच्या वळणातून बाहेर पडताना चुकलं की पूर्ण सरळ मागच्याची. तिथे जागा दिली तर परत घ्यायला हेअरपिन नाही. बिग बेंडमधून बाहेर पडतानाच काहीतरी करावं लागेल असं वाटतंय. तिथे एमएक्स-५ चालवणाऱ्यांनी आपली लाइन सांगा.