एका इंचाची जोडी : वूल्व्हरिन आणि सायक्लॉप्स

मागच्या वेळी लिहिलं होतं की दिवाळीपर्यंत नवीन काही घ्यायचं नाही. महिनाभरही टिकलं नाही. ठाण्यातले एक संग्राहक घर बदलत होते. त्यांनी माळ्यावरची खोकी खाली काढली आणि त्यातून हे दोघं निघाले. एक्स-मेन या अमेरिकन कॉमिकमधले वूल्व्हरिन आणि सायक्लॉप्स, मार्व्हल लिजंड्स या खेळण्यांच्या मालिकेतले सहा इंची, सांधे हलणारे पुतळे, दोघेही सुटे. डबा नाही, जादा डोकी नाहीत, जादा हात नाहीत. दोन्ही मिळून ३,८०० रुपये. घासाघीस केली नाही, कारण पोशाख बघूनच माझा निकाल लागला होता. सायक्लॉप्स छातीवर आणि मांडीवर पट्टेवाला, केस मोकळे, म्हणजे १९९१ साली चित्रकार जिम लीने रेखाटला तो. वूल्व्हरिन पिवळ्या-निळ्यात. त्याआधीचा चित्रकार जॉन बर्न, त्याने १९८० मध्ये त्याला तपकिरी पोशाख चढवला होता, तो ९१ मध्येच उतरला आणि पिवळा परत आला. म्हणजे हे दोघं एकाच काळातले. असं जुळून येणं सुट्या मालात क्वचितच घडतं.

घरी आणून फडताळात उभे केले आणि काहीतरी खटकलं. रंग ठीक, चेहरे ठीक, तरी दोघं शेजारी शेजारी म्हणजे बस थांब्यावरचे दोन अनोळखी इसम वाटत होते. दहा मिनिटं बघत बसलो तेव्हा ट्यूब पेटली. दोघं जवळपास एकाच उंचीचे दिसत होते.

कॉमिकमधल्या नोंदीनुसार वूल्व्हरिन ५ फूट ३ इंच आणि सायक्लॉप्स ६ फूट ३ इंच. फरक बरोबर एक फूट. आपल्या या पुतळ्यांचं प्रमाण १:१२, म्हणजे कॉमिकमधल्या एका फुटाला इथे एक इंच. म्हणजे एक सव्वापाच इंच हवा, दुसरा सव्वासहा, आणि मधला फरक अगदी एक इंच. इतका गोळीबंद हिशेब दुसऱ्या कुठल्याच जोडीत मला सापडलेला नाही. २००० सालच्या चित्रपटापासून सहा फुटांवरचा ह्यू जॅकमन डोळ्यांत बसला आणि वूल्व्हरिन बुटका आहे हे लोक विसरूनच गेले. पण कागदावरचा वूल्व्हरिन बुटकाच. सायक्लॉप्स एक्स-मेन पथकाचा नेता, त्याच्याकडे वूल्व्हरिनला मान वर करून बघावं लागतं आणि त्याचाच त्याला राग येतो. दोघांमधलं निम्मं भांडण त्या एका फुटात आहे.

मोजायला गेलो तर पहिली अडचण मुखवट्याची. कानांवरची ती काळी टोकं धरायची की सोडायची? १९७४ मध्ये जॉन रोमिटाने हे पात्र रेखाटलं तेव्हा मुखवटा आखूड होता, मांजराच्या मिशा असाव्यात तशा रेघा होत्या. पुढच्या वर्षी एका मुखपृष्ठावर गिल केन या चित्रकाराच्या हातून टोकं लांब गेली. आतली पानं काढणाऱ्या डेव्ह कॉक्रमला तीच चूक आवडली आणि त्याने तिथेही तीच ठेवली. आज ज्या आकारावरून जग त्याला ओळखतं तो असा चुकून आलेला. मी टोकं सोडून दिली आणि डोळ्यांच्या रेषेवर माप घेतलं. भिंतीला पट्टी लावून, शाळेत वजन-उंची घेतात तसं. फरक ९ मिलीमीटर. हवे होते २५.

वूल्व्हरिन उंच नव्हता, तो निर्दोष होता. सायक्लॉप्सच खचला होता. खुब्याचे सांधे इतके सैल की वरचं धड पुढे झुकायचं, गुडघे आपोआप मोडायचे आणि घोटे बाहेर कलायचे. वर्षानुवर्षं त्याला कुणीतरी उडी मारायच्या पवित्र्यात ठेवलं असावं, आणि तेही आपल्याकडच्या मे महिन्याच्या उकाड्यात. मऊ प्लास्टिक अशा वेळी हळूहळू दबतं आणि तसंच राहतं.

कामाची सुरुवात मात्र वूल्व्हरिनच्या नख्यांपासून केली, कारण ते सोपं होतं. सहाही नख्या वाळलेल्या मेथीसारख्या वाकड्या. उपाय बहुतेकांना माहीत आहे, तरी नवीन लोकांसाठी: पाणी उकळायचं, गॅस बंद करायचा, दोन मिनिटं थांबायचं. मग मूठ दहा-पंधरा सेकंद पाण्यात धरायची. नख्या सरळ करून बोटांनी तशाच दाबायच्या आणि थेट बर्फाच्या पाण्यात. पीव्हीसी गरम असताना मूळ आकाराकडे जायला बघतं, थंड केलं की तिथेच धरून राहतं. पाच नख्या पहिल्याच फेरीत सरळ झाल्या. डाव्या हाताची मधली तीन वेळा बुडवावी लागली आणि अजूनही किंचित बाहेर आहे. असू दे.

हे चाललेलं असताना आई ओट्याशी आली. गाळण्यात दोन माणसं उपडी पडलेली.

‘पुन्हा चहाच्या पातेल्यात बाहुल्या?’

‘आई, बाहुल्या नाहीत गं त्या.’

‘मग काय आहेत?’

याचं उत्तर खरं तर अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार न्यायालयाने २००३ मध्ये दिलेलं आहे. तिथे आयात शुल्काच्या जुन्या तक्त्यात बाहुली म्हणजे माणसाची प्रतिमा, तिच्यावर १२ टक्के. राक्षस, प्राणी, यंत्रमानव वगैरे ‘इतर खेळणी’, त्यांच्यावर ६.८ टक्के. टॉय बिझ कंपनीने दावा लावला की आमची एक्स-मेनची पात्रं माणसं नाहीत. न्यायाधीशांनी नख्या, शेपट्या, पंख सगळं तपासलं आणि कंपनीच्या बाजूने निकाल दिला. कॉमिकमध्ये चाळीस वर्षं हे लोक ओरडून सांगत होते की आम्हीही माणसंच आहोत, आणि त्यांच्याच खेळण्यांच्या कंपनीने शुल्क वाचवण्यासाठी कोर्टात त्याच्या उलट सिद्ध केलं. आपल्याकडे बाहेरून मागवणाऱ्यांना असली पळवाट कुठली! २०२० मध्ये खेळण्यांवरचं शुल्क २० वरून ६० टक्के झालं, २०२३ मध्ये ७०. शिवाय २०२१ पासून बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्युरोच्या प्रमाणपत्राची अट. सुट्या, वापरलेल्या मालावर माझ्यासारख्यांचे डोळे असतात ते उगाच नाही.

आईला यातलं काही सांगितलं नाही. पातेलं घासून ठेवलं.

आता सायक्लॉप्स. आधी आंघोळ, कारण अंग चिकट होतं. बंद पिशवीत दमट हवेत राहिलं की पीव्हीसी मऊ ठेवणारं द्रव्य पृष्ठभागावर येतं आणि त्यावर धूळ बसते. कोमट पाणी, भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब, मऊ टूथब्रश. दोनदा केलं. पट्ट्यांच्या खालून निघालेलं पाणी चहाच्या रंगाचं होतं. एक दिवस पंख्याखाली वाळवला. सांध्यात पाणी राहिलं तर पुढचं काम फुकट जातं.

खुब्यासाठी हेअर ड्रायरची हवा मिनिटभर, मग मांडी हळूच फिरवत ओढली. टप्प आवाज होऊन सांध्यातल्या बॉलवरून सुटली. गार असताना हे करू नका, आतला पेग, म्हणजे खुंटी, तुटते. बॉल बघितला तर एका बाजूने घासून गुळगुळीत झालेला. त्यावर पाण्यात विरघळणारं अॅक्रिलिक वार्निश लावलं, चित्रकलेच्या दुकानात मिळतं ते, अगदी पातळ हात. एक थर, चार तास, मग दुसरा. पूर्ण वाळल्यावर पुन्हा गरम करून मांडी बसवली. उजवा पाय तिथेच ताठ झाला. डाव्याला तिसरा थर लागला. घोटे सुटत नाहीत, म्हणून तिथे टूथपिकने फटीत एक थेंब सोडला आणि वाळेपर्यंत दर पाच मिनिटांनी सांधा हलवत राहिलो. मॅच चालू होती, वेळ बरा गेला.

काही जण याच कामाला फेविक्विक वापरतात. जमतं, पण हात सतत हलता हवा. गेल्या वर्षी मी थेंब सोडला आणि दाराची बेल वाजली. कुरिअर घेऊन परत येईपर्यंत माझा एक डेअरडेव्हिल जन्माचा ताठ गुडघ्याचा झाला होता. तेव्हापासून वार्निश.

ही खुडबुड करायची सवय जुनी आहे. फनस्कूलचे जी. आय. जो ज्यांनी हाताळलेत त्यांना आठवत असेल, पाठीत एक बारका स्क्रू आणि कमरेत रबराची रिंग. रिंग तुटली की माणूस दोन तुकडे. आमच्या वाड्यात नळवाल्याकडून वायसर आणून कितीतरी सैनिक परत उभे केलेत.

आता मूर्ती म्हणून दोघांबद्दल. वूल्व्हरिन पहिल्या क्रमांकाचा. मान आखूड, खांदे रुंद, दंडावरच्या शिरा दिसतात पण दोरखंडासारख्या नाहीत. पोट पुढे मोडतं, त्यामुळे तो कुबड काढून दबा धरू शकतो, आणि त्याचं सगळं सौंदर्य त्या कुबडात आहे. दातओठ खाल्लेला चेहरा मुखवट्याच्या सावलीत जास्त चांगला दिसतो, म्हणून दिवा डोक्यावरून लावा, समोरून नको. सायक्लॉप्स तसा साधा. ताठ उभा राहणं हेच त्याचं काम. व्हायझरचा, म्हणजे डोळ्यांवरच्या पट्टीचा, लाल रंग काठाला खरवडला होता, तिथे तीन शून्य ब्रशने टोक टेकवलं, झालं. दोन बोटं व्हायझरला लावायची त्याची ठरलेली लकब जमते, पण छातीचा पट्टा आडवा येतो. कोपर आधी मोडा, मग दंड आत फिरवा, शेवटी मान किंचित हाताकडे कलवा. उलट क्रमाने केलंत तर हात गालापर्यंतच पोचतो आणि दाढ दुखत असल्यासारखा दिसतो.

रविवारी रात्री पुन्हा पट्टी लावली. सायक्लॉप्स सरळ उभा राहिल्यावर फरक २१ मिलीमीटर. चार राहिले. ते वूल्व्हरिनच्या गुडघ्यांतून काढले: दोन्ही गुडघे थोडे मोडले, पाय फाकवले, धड पुढे, मान वर. २५ भरले. त्याच्या डोळ्यांची रेष आता सायक्लॉप्सच्या खांद्याला येते. सायक्लॉप्सला मुद्दाम त्याच्याकडे बघायला लावलं नाही, समोर बघतोय. आधी मी दोघांना समोरासमोर ठेवलं होतं, ते कुस्तीच्या जाहिरातीसारखं वाटलं.

फडताळही बदललं. जुनं पश्चिमेच्या खिडकीसमोर होतं, संध्याकाळचं ऊन थेट यायचं आणि पिवळ्या रंगावर तर त्याचा पहिला डोळा. आता आतल्या भिंतीला, सिलिका जेलच्या चार पुड्या आणि दर आठवड्याला दार उघडून थोडा वारा.

काल रात्री आई पाण्याचा तांब्या घेऊन जाताना तिथे थांबली. चष्मा वर करून बघितलं.

‘हा बुटका का रे चिडलाय त्या लांबड्यावर?’

मी तिला कथेतलं काही म्हणजे काही सांगितलेलं नाही.

‘एका मुलीवरून,’ म्हटलं.

‘मग ती कुठाय?’

जीन ग्रे, १९९१ च्याच पोशाखातली, सुटी चालेल. कुणाकडे असेल तर कळवा. दोघांच्या मागे जागा करून ठेवली आहे.