तेर: मातीतून वाचायचं गाव

धाराशिवहून वीसेक किलोमीटरवर, तेरणेच्या काठी तेर आहे. गावाजवळ आल्यावर आधी टेकाडं दिसतात. हे डोंगर नव्हेत, ही पांढरी, म्हणजे जुन्या वस्तीची माती. घर पडलं, त्याच्याच मातीवर दुसरं उठलं, आणि दोन हजार वर्षं हेच चालत आलं. भोवतीची काळी, म्हणजे शेतजमीन, मात्र सपाट आहे.

इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक भाषेतल्या सागरी व्यापाराच्या पुस्तकात याच गावाला तगर म्हटलंय. पैठणहून पूर्वेला दहा दिवसांची वाट. इथलं जाडंभरडं कापड आणि मलमल गाड्यांवर लादून थेट गुजरातेतल्या भडोच बंदरात आणि तिथून समुद्रापार जाई. इथे सापडलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती इटलीतल्या पॉम्पेईत मिळालेल्या मूर्तीशी मिळतीजुळती आहे, ती बहुधा या व्यापारामुळेच.

माझं ऐकाल तर आधी लामतुरे संग्रहालय बघा, देवळं नंतर. मातीच्या मूर्ती, मणी, खापरं डोळ्यांखालून गेली की टेकाडं वाचता येतात.

तेरची खरी ओळख म्हणजे पाण्यावर तरंगणारी वीट. चिखलात भाताचं तूस मिसळायचं. भट्टीत ते जळून जातं आणि विटेत बारीक पोकळ्या राहतात, म्हणून ती पाण्याहून हलकी. तूस जास्त झालं तर वीट भुसभुशीत होते, कमी पडलं तर बुडते. अशा सच्छिद्र विटेवर सिमेंटचा गिलावा चढवला की आतली ओल बाहेर पडत नाही आणि वीट आतून पिठासारखी झडते. जुन्या भिंतीला चुनाच हवा.

त्रिविक्रम मंदिर विटांचंच. बाजूला उभं राहून छत बघा: हत्तीच्या पाठीसारखं गोलाकार, मागची भिंतही अर्धवर्तुळाकार. मूळचं हे चैत्यगृह, म्हणजे बौद्धांचं प्रार्थनागृह असावं, असं अनेक अभ्यासक मानतात. लेण्यांतला चैत्य खडकात कोरलेला असतो, इथे तोच आकार विटांनी रचलाय. बांधीव चैत्यगृहं इतकी थोडी उरलीत की एवढ्यासाठीसुद्धा तेरला यावं. मंडप नंतरचा आहे, जोड सहज कळतो.

याच मातीत गोरोबाकाका कुंभारकाम करत. थापटण्यानं संतांची डोकी ठोकून कच्चं मडकं कोणतं ते त्यांनी सांगितलं, ही कथा सगळ्यांना ठाऊक आहे. नदीकाठी त्यांची समाधी आहे. चैत्र वद्य त्रयोदशीच्या सुमारास गेलात तर यात्रेची गर्दी असणार, संग्रहालय निवांत बघता येणार नाही.

पावसानंतर टेकाडांवर खापरं उघडी पडतात. बघा, पण उचलू नका. कुठल्या थरातलं ते कळलं, तर त्यावरून काळ ठरवायला मदत होते.