सिस्ट दिसल्या, पण कशाच्या?

आज एका तरुण बाईंचा एचआरसीटी (फुप्फुसाचा बारकाईने काढलेला सीटी स्कॅन) आला. न्यूमोथोरॅक्स (फुप्फुसाभोवती हवा साचून ते दबणं) दुसऱ्यांदा, आणि आधीच्या रिपोर्टमध्ये ‘एम्फिसिमा’ (बहुधा सिगारेटमुळे फुप्फुसातले हवेचे कप्पे नष्ट होणं) लिहून विषय संपवलेला. बाईंनी आयुष्यात कधी सिगारेट ओढलेली नाही! शिवाय एम्फिसिमात त्या काळ्या जागेला सहसा भिंत नसते, मधोमध रक्तवाहिनीचा ठिपका दिसतो. इथे भिंत स्वच्छ दिसत होती, २ मिलिमीटरहून पातळ. म्हणजे या सिस्ट, पातळ भिंतीच्या हवेच्या पोकळ्या.

सिस्ट कुठे आहेत आणि आकार कसा, यातच निम्मं निदान असतं. धूम्रपान करणाऱ्याच्या वरच्या भागात वेड्यावाकड्या सिस्ट आणि सोबत बारीक गाठी असल्या की लँगरहॅन्स, म्हणजे त्या नावाच्या पेशी फुप्फुसात साचण्याचा आजार. खाली, आतल्या बाजूला चपट्या असल्या तर चेहऱ्यावरचे बारीक फोड बघायचे, घरात कुणाला न्यूमोथोरॅक्स झालाय का विचारायचं. बर्ट-हॉग-ड्यूबे हा आनुवंशिक आजार निघू शकतो. डोळे-तोंड कोरडं पडत असेल तर शोग्रेन, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच ग्रंथींवर उलटण्याचा आजार.

यांच्या सिस्ट गोल, सगळीकडे सारख्या पसरलेल्या. स्कॅनच्या अगदी खालच्या स्लाइसेसमध्ये मूत्रपिंडाचा वरचा भाग आला होता, त्यात चरबी असलेली गाठ. अँजिओमायोलिपोमा! अशा सिस्ट आणि ही गाठ, ही जोडी सापडली की लॅमच्या (लिम्फँजिओलिओमायोमॅटोसिस, मुख्यतः बायकांना होणारा फुप्फुसाचा दुर्मीळ आजार) निदानाला फुप्फुसाची बायोप्सी लागत नाही. सिरोलिमस या औषधाने फुप्फुसाची घसरण थोपवता येते, म्हणून नाव वेळेत कळणं फार गरजेचं. रिपोर्ट पाठवायच्या आधीच त्यांच्या डॉक्टरांना फोन केला. लॅम आणि अशी गाठ ट्यूबरस स्क्लेरोसिस या आनुवंशिक आजारातही दिसतात, म्हणून त्याची तपासणीही करून घेतायत.