भर मे महिन्यात मोसंबीच्या मुलखात: बदनापूर, अंबड, पाचोड

मोसंबी लावायची तर आधी जालन्याकडे फिरून या, असं मराठवाड्यात कुणीही सांगतं. माझं म्हणणं एवढंच की मे महिन्यात जा. पावसाळ्यात सगळ्याच बागा हिरव्यागार दिसतात. पारा 42च्या वर गेला की कुठली बाग कशाच्या जोरावर उभी आहे ते कळतं. 2012च्या दुष्काळात याच भागातल्या बागाच्या बागा वाळल्या, लोकांनी टँकर विकत घेऊन झाडं जगवली, अनेकांनी शेवटी कुऱ्हाड लावली. जे तगले त्यांच्याकडून शिकायला मी गेलो होतो.

छत्रपती संभाजीनगरहून जालना रस्त्यानं चाळीसेक किलोमीटरवर बदनापूर लागतं. एसटी मिळते, रेल्वे स्टेशनही आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठाचं मोसंबी संशोधन केंद्र इथंच आहे. कलमं हवी असतील तर आधी चौकशी करून जा, कारण रोपवाटिकांत चांगला माल पावसाआधीच बोलून ठेवलेला असतो.

रोपवाटिकेत लोक पानांची तकाकी बघतात. तुम्ही खाली बसा आणि बुड बघा. डोळा कुठल्या खुंटावर, म्हणजे मुळं देणाऱ्या खालच्या झाडावर, भरलाय, हा पहिला प्रश्न. जंबेरी या खुंटावरचं झाड जोमानं वाढतं, पण डिंक्याला, म्हणजे बुंध्यातून डिंक गळणाऱ्या बुरशीच्या रोगाला, लवकर बळी पडतं. कमी पाण्याच्या आणि थोड्या चुनखडीच्या रानाला रंगपूर लाईम हा खुंट जास्त सोसतो. दुसरं, डोळा जमिनीपासून वीतभर तरी वर हवा; तो मातीत गाडला गेला की बुरशीला वाटच मिळते. डोळ्याखालून फूट आली असेल तर ती खुंटाची, काटेरी असते. ती तिथल्या तिथं मोडायची. एक पिशवी फाडून दाखवायला सांगा, लागलं तर तिचे पैसे द्या. आत पांढऱ्या तंतुमुळ्या दिसल्या पाहिजेत. सोटमूळ तळाशी गोल वळलेलं असेल तर ते कलम घेऊ नका, कितीही टवटवीत असो.

तिथून अंबडकडे निघालो. जायकवाडीच्या डाव्या कालव्याचा हा पट्टा, तरी कालव्याच्या भरवशावर बाग कुणी लावत नाही, शेततळं हवंच. एका बागेत दुपारी शिरलो तेव्हा बाहेर डोळे उघडवत नव्हते आणि झाडाखालची माती मात्र हाताला गार लागली. गव्हाचा भुसा आणि वाळलेलं गवत मिळून तीन-चार इंचांचा थर, बुंध्यापासून वीतभर लांब ठेवलेला. खोडांना बोर्डो पेस्ट लावलेली: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. ती डिंक्यासाठी असते, पण पांढुरक्या थरामुळं कोवळ्या सालीचं उन्हापासूनही रक्षण होतं. ठिबकच्या तोट्या बुंध्याशी नव्हत्या, फांद्यांच्या घेराखाली सरकवलेल्या होत्या, कारण पाणी ओढणारी मुळं तिथं असतात. मोकळं पाणी देणाऱ्यांनी दुहेरी आळं करावं. आतलं आळं कोरडं ठेवून बाहेरच्या आळ्यात पाणी सोडायचं.

त्या बागेचे बागवान काका बहाराबद्दल, म्हणजे झाड कधी फुलावर आणायचं याबद्दल, तळमळीनं बोलले. “अंबियाला पाणी पुरंना झालं तर फळ झाडून टाका, झाड ऱ्हाऊ द्या.” मोसंबीला पाण्याचा ताण फुलावर आणतो. डिसेंबरमध्ये पाणी तोडून अंबिया धरला की जानेवारी-फेब्रुवारीत फूल येतं आणि मग ऐन उन्हाळा फळ पोसण्यात जातो. विहिरीचा तेवढा दम नसेल तर मृग बहार धरा. ताण उन्हाळाच देतो आणि फूल पावसावर येतं. आटत्या विहिरीवर अंबिया धरणं मला तरी पटत नाही.

जमिनीचं सांगायलाच हवं. परतल्यावर आपल्या रानात कमरेइतका खड्डा घ्या. खालच्या मातीवर सौम्य आम्लाचे थेंब टाका. फसफसून फेस आला तर चुनखडी आहे, आणि मुक्त चुना दहा टक्क्यांच्या वर असेल तर तिथं मोसंबी लावू नका. पानं पिवळी पडत राहतात आणि खतांवर पैसा जातो. दीड हात मातीखाली मुरूम लागला तर उत्तम. गच्च काळ्या रानात पाणी साचतं, ते डिंक्याचं माहेर.

पाचोडचा मोसंबी बाजार मे महिन्यात थंडच असतो. तो बघायला ऑगस्टनंतर सकाळी लवकर जा. तेव्हा माल हिरवा दिसेल, पण त्याला कच्चा समजू नका. गार रात्रींशिवाय सालीला पिवळेपणा चढत नाही. फळ कापून रस बघा. जालन्याच्या मोसंबीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, पण त्या नावावर न जाता फळ हातात तोलून घ्या. आकाराच्या मानानं जड लागलं पाहिजे.

कलमं आणताना गाडीवर ताडपत्री हवी आणि प्रवास रात्रीचा. उघड्या टेम्पोतून दुपारी आणलेल्या कलमांची पानं वाटेतच करपतात. घरी आणल्यावर आठवडाभर सावलीत ठेवा, पिशवीतली माती ओली राहू द्या, आणि दोन चांगले पाऊस झाल्याशिवाय लावायची घाई करू नका.