लँकेस्टरची गोधडी आणि पाच डॉलरांचा दंड

२०२२ च्या ऑक्टोबरात न्यू जर्सीतल्या एडिसनला मुलीकडे मुक्काम असताना एका शनिवारी सकाळी आम्ही पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर काउंटीकडे निघालो. मॉर्गनटाउनला टर्नपाइक, म्हणजे टोलचा महामार्ग, सोडून तेवीस नंबरच्या रस्त्याला लागलो आणि थोड्याच वेळात पुढच्या मोटारी मुंगीच्या गतीने सरकू लागल्या, कारण सगळ्यांच्या पुढे करड्या रंगाची, पाठीवर नारिंगी त्रिकोण लावलेली घोडागाडी दुडक्या चालीने जात होती. जावई म्हणाला, "हे आमिश. मोटार आणि घरातली वीज टाळून जुन्या रीतीने राहणारा ख्रिस्ती पंथ." आपल्या कानाला हा शब्द हटकून 'आमिष' असा ऐकू येतो, आणि रस्त्याकडेला आमिश खुर्च्या, आमिश लोणची, आमिश जेवण अशा पाट्यांची रांग पाहिली की दोष केवळ कानाचा नसावा असे वाटते.

टाळेबंदीच्या काळात व्हॉट्सअ‍ॅपवर या लोकांचे दाखले पुष्कळ फिरले होते. सरकारच्या बंधनांना भीक न घालणारे स्वातंत्र्याचे पाईक म्हणून कोणी त्यांची आरती ओवाळत होते, तर कोणी त्यांना अडाणी म्हणून मोकळे होत होते. त्यामुळे चीज आणि भोपळ्यांपेक्षा मला उत्सुकता होती ती त्यांच्यापैकी कोणाशी तरी चार शब्द बोलण्याची.

तो योग बर्ड-इन-हँड नावाच्या गावाच्या अलीकडे, एका शेतघराच्या तळमजल्यावरच्या गोधड्यांच्या दुकानात आला. वीज नव्हती; छताला टांगलेला गॅसचा दिवा फुसफुसत होता. एका मोठ्या पलंगावर पंधरा-वीस गोधड्या एकावर एक अंथरलेल्या होत्या आणि दुकानाची मालकीण, साठीच्या आसपासची बाई, पोथीची पाने उलटावीत तशी एकेक गोधडी पायथ्याकडे उलटून दाखवत होती. माझी पत्नी टाके निरखत राहिली, कारण एका इंचात दहा तरी असावेत. बाई घरात पेनसिल्व्हेनिया डच ही जर्मनची बोली बोलतात आणि आमिश नसलेल्या प्रत्येकाला 'इंग्लिश' म्हणतात, त्यामुळे जन्मभर सदाशिव पेठेत राहिलेला मी त्या दिवशी इंग्लिश ठरलो.

साथीचा विषय मी भीतभीतच काढला, पण त्या मोकळेपणाने बोलल्या. २०२० च्या मार्चमध्ये त्यांच्या शाळा आणि रविवारच्या प्रार्थना बंद झाल्या आणि त्यांनी गोधड्या बाजूला ठेवून मास्क शिवले. त्याच सुमारास तिकडे ओहायोतल्या शुगरक्रीक गावात एका इस्पितळ-समूहाने दोन दिवसांत १२,००० मास्क मागितले होते आणि आमिश घरांनी ते शिवायला घेतले होते, हे मी पूर्वी वाचले होते. लँकेस्टरमध्ये मात्र एप्रिलच्या अखेरीस प्रार्थना पुन्हा सुरू झाल्या. पेनसिल्व्हेनियाच्या आदेशांतून धार्मिक मेळावे मुळातच वगळलेले होते. ज्या बंडखोरीचे पोवाडे आपण वाचले, तिला समोर शत्रूच नव्हता.

मग इतकी घाई का, असे मी विचारले. त्यांनी जे सांगितले ते समजायला त्यांची रीत ठाऊक हवी. आमिशांना चर्चची इमारत नसते. पंचवीस-तीस कुटुंबांचा एक गट असतो, एकाआड एक रविवारी त्यांपैकी एका घरी तीन तास प्रार्थना होते आणि बिनपाठीची बाकडी एका खास गाडीतून या घरून त्या घरी जातात. वसंतात आणि शरदात प्रभुभोजनाचा विधी होतो, तेव्हा सगळे एकाच पेल्यातून द्राक्षासव घेतात आणि दोघादोघांनी एकमेकांचे पाय धुतात. त्याआधी गटाची सभा भरते आणि 'ओर्डनुंग' म्हणजे गटाचे नियम सर्वांना मान्य आहेत का, हे प्रत्येकाला विचारले जाते. बेबनाव असेल तर विधी पुढे ढकलतात. इंटरनेटच नसलेल्या या लोकांना झूमवर बसा असे सांगणे व्यर्थ होते, आणि ते असते तरी एकमेकांचे पाय पडद्यावर कसे धुणार?

व्यक्तिस्वातंत्र्याचा मुद्दा इथे पार उलटा होतो. आमिश माणूस स्वतःच्या मर्जीने एकच मोठा निर्णय घेतो, तो विशी-बाविशीच्या आतबाहेर बाप्तिस्मा घेण्याचा. त्यानंतर टोपीचा काठ किती रुंद असावा हेदेखील गट ठरवतो. गंमत अशी की लस घ्यावी की नाही, याबद्दल मात्र ओर्डनुंग मौन पाळतो आणि तो प्रश्न घराघरावर सोडला जातो.

परतीच्या वाटेवर जावयाने, जो वकील आहे, दोन जुने खटले सांगितले. देवीची लस नाकारणाऱ्या जेकबसन नावाच्या पाद्र्याला मॅसॅच्युसेट्समध्ये ५ डॉलर दंड झाला आणि १९०५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. मुलांना आठवीनंतर शाळेत न पाठवणाऱ्या विस्कॉन्सिनच्या आमिश पालकांनाही दंड ५ डॉलरच होता, पण १९७२ च्या योडर खटल्यात ते जिंकले. सरन्यायाधीश बर्गर यांनी निकालात स्पष्ट लिहिले, की लेखक थोरो समाजापासून दूर वॉल्डनच्या तळ्याकाठी जाऊन राहिला ती त्याची वैयक्तिक, तात्त्विक निवड होती, धार्मिक नव्हे, आणि तेवढ्यावर हे संरक्षण मिळाले नसते. म्हणजे आमिशांना सूट मिळाली ती जवळजवळ तीन शतके आपल्या धर्मश्रद्धेनुसार एकत्र जगत आलेला समाज म्हणून. २०२० साली त्यांचे चित्र छातीवर लावून 'माझे शरीर, माझी मर्जी' म्हणणाऱ्यांनी हा परिच्छेद वाचला नसावा.

दुकानात गल्ल्याशेजारी 'दि बजेट'चा एक अंक पडला होता. १८९० पासून शुगरक्रीकहून निघणाऱ्या या साप्ताहिकात गावोगावचे बातमीदार पाऊसपाणी, जन्म, पाहुणे, कोणाकडे प्रार्थना झाली, असे सगळे पत्ररूपाने कळवतात, आणि त्यातच मृत्युवार्ता असतात. वेस्ट व्हर्जिनियाच्या संशोधकांनी याच मृत्युवार्ता मोजून काढले, की २०२० च्या नोव्हेंबरात आमिश आणि त्यांच्या जवळच्या मेनोनाइट पंथाच्या लोकांतले मृत्यू नेहमीपेक्षा १२५ टक्क्यांनी वाढले होते. लँकेस्टरमधल्याच न्यू हॉलंडच्या एका आरोग्य केंद्राच्या प्रशासकांनी दहातल्या नऊ घरांत आजार येऊन गेल्याचा अंदाज सांगितला, त्यावरून 'सामूहिक प्रतिकारशक्ती'ची द्वाही फिरली आणि साथरोगतज्ज्ञांनी तिच्यावर शंका घेतली. बाईंना यातले काही मी बोललो नाही. त्यांनी आपणहून सांगितले, की त्या शरदात त्यांच्या गटातली तीन वडीलधारी माणसे गेली.

मग त्यांनी विचारले, "तुमच्याकडे देवळे बंद होती?" मी वारीबद्दल सांगितले. २०२० च्या आषाढीला आळंदी आणि देहूच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या; पायी लागणारी अठरा-एकोणीस दिवसांची वाट त्या बसने एका दिवसात संपवली.

"आणि चालणारे?"

"घरी थांबले. माझे काका तीस वर्षे चालत होते, तेही थांबले."

"आता चालतात?"

"या वर्षी पायी वारी पुन्हा सुरू झाली. काका २०२१ च्या एप्रिलमध्ये गेले. घरातच होते, तरी."

त्यांनी काकांचे वय विचारले, मी एकाहत्तर सांगितले. पत्नीने निवडलेली लहानशी, पाळण्यात घालण्याजोगी गोधडी त्यांनी चौपदरी दुमडून खाकी कागदात बांधली आणि पावती हाताने लिहून दिली. बाहेर पडताना अंगणात बाकड्यांची ती गाडी उभी होती. दोन मुलगे एकेक बाकडे उतरवून गोठ्याशेजारच्या मोठ्या खोलीत नेत होते. उद्याची प्रार्थना त्यांच्याकडेच होती.