तुम्ही विचारलंत म्हणून : शिक्षा झालेला नायक कसा वाचायचा?

रोमँटिक सस्पेन्स, म्हणजे प्रेमकथा आणि गुन्ह्याचं रहस्य एकत्र गुंफलेल्या कादंबऱ्या, वाचणाऱ्याला एक प्रश्न हमखास विचारला जातो. नायक खुनाच्या गुन्ह्यात शिक्षा भोगून आलेला आणि नायिका त्याच्याच प्रेमात पडते, हे पटतं तरी कसं? त्याला जोडून दुसरा : तो निर्दोष निघणार हे सुरुवातीलाच कळत असेल, तर पुढची साडेतीनशे पानं वाचायची कशाला? तुम्ही दोन्ही विचारलेत, म्हणून जरा सविस्तर.

दुसरा प्रश्न आधी घेते. हो, बहुतेक वेळा कळतंच. 'रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका' या लेखकांच्या संघटनेनं रोमान्सची व्याख्या दोनच अटींत केली होती : प्रेमकथा केंद्रस्थानी हवी आणि शेवट समाधान देणारा, आशादायी हवा. या दुसऱ्या अटीमुळे नायकाच्या गुन्ह्यावरूनच बराच अंदाज बांधता येतो. बाईच्या किंवा मुलाच्या खुनासाठी त्याला शिक्षा झाली असेल, तर तो निर्दोष आहे असं धरून चाला. नाहीतर तो सुखान्त कुठलाही वाचक गिळणार नाही. चोरी, हॅकिंग, बहिणीला मारणाऱ्या तिच्या नवऱ्याचा हाणामारीत झालेला मृत्यू, असलं काही असेल तर ते त्यानं खरंच केलेलं असू शकतं. म्हणजे 'यानं केलं का?' या प्रश्नात फारसा दम नसतो. दम असतो तो 'न केलेल्या गुन्ह्यासाठी कोर्टानं याला दोषी ठरवलं ते कशाच्या बळावर?' या प्रश्नात. माझ्या मते अख्खी कादंबरी या एका जागेवर तोललेली असते. रहस्याला तो पुरावा उलगडून दाखवायचा असतो आणि प्रेमाला तो समोर असताना उभं राहायचं असतं.

म्हणून पहिला पाचवा हिस्सा वाचून झाला की थांबून कागदावर पाच गोष्टी लिहा : गुन्हा काय, कधी घडला, पुरावा कोणता, साक्ष कोणी दिली, आणि तो तुरुंगात गेल्यानं कोणाचं भलं झालं. पुराव्याची ओळ रिकामी राहिली तर पुस्तक बहुधा कच्चं आहे. 'सगळं गाव त्याच्या विरोधात होतं' हा पुरावा नव्हे. गाव विरोधात असून माणसं सुटतात. दोषी ठरवायला काहीतरी हातात लागतं.

ते काय असू शकतं, हे प्रत्यक्षातल्या खटल्यांवरून समजतं. प्रत्यक्षदर्शीची चूक हे मोठं कारण. रोनाल्ड कॉटनला १९८४ सालच्या बलात्काराच्या गुन्ह्यात शिक्षा झाली, कारण पीडितेनं त्याला पूर्ण खात्रीनं ओळखलं होतं. १९९५ साली डीएनएनं तो निर्दोष ठरला. ती खोटं बोलत नव्हती. चांगला लेखक हे वापरतो : साक्षीदार प्रामाणिक असतो, त्यामुळे त्याला खलनायक करून मोकळं होता येत नाही. दुसरं कारण खोटा कबुलीजबाब. इंग्लंडमध्ये १९८६ साली सतरा वर्षांच्या एका मुलानं न केलेल्या खुनाची कबुली दिली होती आणि डीएनए चाचणीनं त्याला सोडवलं. तिसरं, तज्ज्ञाची साक्ष. सूक्ष्मदर्शकाखाली गुन्ह्याच्या जागचे आणि आरोपीचे केस जुळवून दिलेल्या साक्षी तपासल्यावर त्यातल्या नव्वद टक्क्यांहून अधिक सदोष निघाल्या, हे एफबीआय या अमेरिकेच्या तपास यंत्रणेनं २०१५ साली मान्य केलं. कथेतला खटला जुना असेल आणि 'केस जुळले' असं वाक्य आलं, तर तिथे पेन्सिलीनं खूण करून ठेवा. चौथं, दडवलेली फाईल. आरोपीच्या बाजूनं जाणारा पुरावा सरकारी वकिलानं त्याला द्यायलाच हवा, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९६३ साली 'ब्रेडी विरुद्ध मेरीलँड' खटल्यात सांगितलं. पोलीस ठाण्याच्या तळघरात सापडणारी ती सुप्रसिद्ध धुळकट पेटी याच नियमामुळे कामाची ठरते.

पण कथानकासाठी मला सगळ्यात कसदार वाटते ती आल्फर्ड कबुली. अमेरिकेत हेन्री आल्फर्डवर खुनाचा आरोप होता आणि मृत्युदंडाची टांगती तलवार. 'मी हे केलेलं नाही' असं म्हणतच त्यानं कमी दर्जाच्या खुनाचा गुन्हा कबूल केला, आणि १९७० साली सर्वोच्च न्यायालयानं ती कबुली ग्राह्य धरली. आता कादंबरीचा विचार करा. नायकानं स्वतः गुन्हा कबूल केल्याची कोर्टात नोंद आहे. नायिकेनं ती वाचली आहे. तो म्हणतो, मी निर्दोष आहे. तिला एका कागदात आणि एका माणसात निवड करायची आहे, आणि कागद खोटा नाही. याउलट भावाला वाचवायला गुन्हा अंगावर घेणारा नायक इतका वापरून झिजलाय की तो दिसला की मी पानं जरा भरभर उलटते.

आता पहिला प्रश्न, पटण्याचा. यासाठी कागदाच्या दोन चिठ्ठ्या लागतात. नायिका ज्या पानावर नायकावर विश्वास ठेवायचं ठरवते तिथे एक घाला. तिला ठोस पुरावा मिळतो त्या पानावर दुसरी. दुसरी चिठ्ठी आधी आली, म्हणजे पुरावा मिळाल्यावर विश्वास बसला, तर प्रेमकथेनं काही कमावलंच नाही. प्रयोगशाळेचा अहवाल वाचून कोणीही विश्वास ठेवेल. विश्वासाची चिठ्ठी तिसाव्या पानावरच पडली आणि कारण त्याचे डोळे एवढंच असेल, तर पुढच्या भीतीतली हवा गेली. माझा अनुभव असा की विश्वास मध्याच्या आसपास आणि पुरावा शेवटच्या चौथ्या हिस्स्यात, अशा पुस्तकांत दोन्ही धागे ताणलेले राहतात. विश्वासाच्या चिठ्ठीच्या मागे जाऊन तिची कारणं मोजा. तिनं स्वतः पाहिलेली किमान दोन-तीन कृत्यं हवीत, आणि त्यातलं एखादं त्याला महागात पडलेलं हवं. खोटं बोलून सुटता आलं असतं तिथे तो खरं बोलला, या जातीचं. तिला वाचवायला गोळी अंगावर घेणं यात मी धरत नाही. ते या प्रकारात सगळेच करतात.

शिक्षेची गोष्ट तिला कोण सांगतं, हेही बघा. त्यानं स्वतः सांगितली तर पुढचा संशय बाहेरून यावा लागतो, आणि लेखकाला कष्ट पडतात. तिला ती जुन्या वर्तमानपत्रात सापडली, तर तीन चतुर्थांश पुस्तक झाल्यावर भांडण होणार, ती एकटी निघून जाणार आणि खुनी तिला गाठणार.

लबाडी कुठे होते? नायकाच्या दृष्टिकोनातून लिहिलेल्या प्रकरणांत. आजकाल बहुतेक पुस्तकं आलटून पालटून दोघांच्या मनातून सांगितलेली असतात. मग तो त्या रात्रीबद्दल काय विचार करतो? तो बेशुद्ध होता, उशिरा पोहोचला, त्याला ठाऊकच नाही, हे चालतं. त्याला सगळं ठाऊक आहे, आपण शंभर पानं त्याच्या डोक्यात बसलोय आणि दर वेळी 'त्यानं तो विचार झटकला' असं येतं, तेव्हा लेखक आपल्याला फसवतोय. एकदा झटकला तर माणूस, सहा वेळा झटकला तर युक्ती.

तो परतल्यावर नवे खून सुरू होतात, याचंही कारण शोधा. टिकणारी कारणं दोनच. एक, त्याच्या सुटकेनं खऱ्या गुन्हेगाराला धोका निर्माण झाला. नायकानं फाईल मागितली, जुन्या साक्षीदाराला भेटला. दोन, गुन्हेगाराला त्याच्या परतण्याचा आडोसा मिळाला, कारण आता बोट आपोआप त्याच्याकडे वळणार. दोन्ही नसेल तर तो निव्वळ योगायोग, आणि रहस्याचा पाया योगायोगावर असला की शेवटचं प्रकरण कबुलीच्या लांबलचक भाषणात जातं. पाच ओळींच्या कागदावर 'भलं कोणाचं झालं' आणि 'साक्ष कोणी दिली' या दोन्ही ओळींत एकच नाव आलं, तर बहुधा तुम्ही लेखकाच्या पुढे गेलात.

कायद्याच्या चुका मी थोड्या माफ करते, काही नाही. अमेरिकी कथेतला पॅरोल म्हणजे रजा नव्हे. उरलेली शिक्षा बाहेर राहून, अटींखाली पूर्ण करणं. अधिकाऱ्याला नियमित भेटायचं, परवानगीशिवाय राज्य सोडायचं नाही. पॅरोलवरचा नायक नायिकेला घेऊन तीन राज्यं पार करतो आणि कोणी विचारतही नाही, तेव्हा हातात असलेला उत्तम ताण लेखकानं फुकट घालवलेला असतो. बंदुकीचंही तसंच. गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेल्यानं बंदूक बाळगणं हा तिथे संघराज्याच्या कायद्यानं गुन्हा आहे आणि २०२२ पासून त्याला पंधरा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शेवटच्या झटापटीत तो बंदूक उचलतो तेव्हा त्याच्या मनात हा हिशेब एका ओळीत तरी यायला हवा.

खरोखर गुन्हा केलेला नायक मात्र वेगळ्या कसोटीवर वाचावा लागतो. तिथे पुरावा उलगडायचा नसतो, त्यामुळे चिठ्ठ्यांचा उपयोग नाही. मी बघते की मेलेल्या माणसाचं कुणी पुस्तकात येतं का. आई, मुलगा, कुणीही. आलं तर त्याला बोलायला जागा मिळते का, की ते नायकाला माफ करण्यापुरतंच येतं? बरेच लेखक इथे पळवाट काढतात. मेलेला माणूस इतका नीच रंगवतात की गुन्हा उपकार वाटावा. मग 'शिक्षा झालेला नायक' हे नुसतं मुखपृष्ठावरचं आमिष उरतं.

निर्दोष नायकाच्या पुस्तकात उपसंहारही तपासा. खऱ्या खुन्यानं कबुली दिली म्हणून जुनी दोषसिद्धी आपोआप पुसली जात नाही. वकिलाला अर्ज करावा लागतो, न्यायाधीशाला ती रद्द करावी लागते, आणि त्यात महिने जातात. अमेरिकी संघराज्याच्या कायद्यानुसार चुकीनं भोगलेल्या कैदेच्या दर वर्षामागे ५० हजार डॉलरपर्यंत भरपाई मिळू शकते, राज्यांचे नियम वेगवेगळे. बऱ्याच उपसंहारांत लग्न असतं, बाळ असतं, कोर्टाचा आदेश मात्र नसतो. तो असला, अर्ध्या पानाचा का होईना, तर त्या लेखकाचं पुढचं पुस्तक मी यादीत टाकते.