आमची वाटचाल : तळातला थर

आमचा धंदा दिव्यांच्या काचेच्या शेडचा. सुरुवातीची काही वर्षं तूटफूट हा आम्ही धंद्याचा खर्चच धरला होता. गोदामात फुटका माल निघाला की वहीत 'फुटले' एवढं लिहायचं आणि हमालांवर ओरडायचं. ओरडण्यात मीच पुढे.

मग गोदाम सांभाळणाऱ्या पोराने स्वतःच्या डोक्याने वहीत दोन रकाने वाढवले: खोकं कितव्या थरातलं, आणि मार कुठे बसलाय. महिनाभराने त्याने वही माझ्यापुढे सरकवली. निम्म्याहून जास्त नोंदी तळातल्या थराच्या. तळातलं खोकं पडणार कुठून? ते दबलं होतं. हमालांना उगीच बोल लावला होता.

आम्ही थप्पी विटांच्या भिंतीसारखी रचायचो, सांधा मोडून. ती हलत नाही, म्हणून मला तिचं भारी कौतुक. पण पुठ्ठ्याच्या खोक्याची खरी ताकद त्याच्या चार उभ्या कोपऱ्यांत असते. वरच्याचा कोपरा खालच्याच्या पोटावर आला की पोट खचतं. तेव्हापासून कोपऱ्यावर कोपरा. सरळ थप्पी डुलते, हे खरं. म्हणून चारही कडांना पुठ्ठ्याच्या कोनपट्ट्या आणि भोवती स्ट्रेच फिल्म, म्हणजे ताणून गुंडाळायचं प्लास्टिक. फिल्मचे खालचे वेढे पॅलेटला, म्हणजे थप्पी ज्यावर उभी असते त्या पाटाला, धरूनच घ्यायचे, नाहीतर अख्खा माल एकसंध घसरतो. तोही प्रयोग आमचा करून झालाय! पॅलेटच्या कडेबाहेर खोकं काढायचं नाही, आणि हवा दमट असली की पुठ्ठा मऊ पडतो, तेव्हा एक थर कमी.

तरी काही थप्प्या मागच्या मागे तिरक्या झालेल्या सापडायच्या. हे कोडं सुटायला वेळ लागला. आमचं पॅलेट १००० मिमी खोल, फोर्कलिफ्टचे फोर्क, म्हणजे पॅलेटखाली घालून माल उचलायचे दांडे, ११५० मिमी लांब. पूर्ण आत घातले की १५ सेमी टोक मागच्या पॅलेटखाली जायचं, आणि पुढचा माल उचलताना त्याचीही कड उचलली जायची. चालकाला बसल्या जागेवरून ते दिसणं शक्यच नव्हतं. फोर्कवर टोकापासून १००० मिमीवर पिवळी रेघ मारली. रेघ पॅलेटला टेकली की थांबायचं.

रेघ घासून जाते. परवा पुसट दिसली म्हणून चालकाला विचारलं, तर म्हणतो, "साहेब, आता हाताला सवय झालीय." मी रंगाचा डबा मागवला.